सातवीचं यंत्र

हाम लुओंग नदीच्या फेरीबोटीत माझ्या तांदळाच्या कागदाच्या गठ्ठ्यावर काळं वंगण टपटपत होतं. ज्याच्या यंत्रातून ते गळत होतं तो इसम शेजारीच आरामात उसाचा रस पीत उभा. माझं डोकंच फिरलं.

"अहो, आवरा तुमचं ते भंगार. खायचा कागद आहे हा. नारळाच्या गोळ्यांना गुंडाळतात."

त्याने गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या स्कूटरला बांधलेल्या यंत्राकडे. माफी मागायचं राहिलंच.

"गुंडाळतं होय हे? मग कापता कशानं?"

"दातांनी. तुम्हाला काय करायचंय?"

"माझं कापतं," तो म्हणाला. "पण गोळी पात्याला चिकटते ती... सोडतच नाही." आणि हसला. एकाच गालावर खळी. मला त्या खळीचाही राग आला.

दोघंही निघालो होतो बेन त्रेच्या मेळाव्याला. आमच्यासारखे घरच्या घरी यंत्रं जुळवणारे लोक तिथे आपापली खटपट मांडतात. जागाही नेमकी शेजारी मिळाली. तो थुआन, घरातला तिसरा. मी क्वेन, सातवी. आमच्याकडे जन्माच्या क्रमानेच हाक मारतात, नाव काय ते शाळेपुरतं. मेळावा संपेपर्यंत त्याचं पातं आणि माझे कागद गुंडाळणारे रूळ एका चौकटीत बसवायचं ठरूनसुद्धा गेलं.

मग त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची रोजची भांडणं. पातं चिकटू नये म्हणून तो तेल लावायचा आणि तेलाने माझा कागद फाटायचा. मी सांगत होते, पातं प्रत्येक कापाआधी ओल्या फडक्यातून फिरव, माझी आई सुरी तशीच पुसते. ऐकेल तर तो थुआन कसला. शेवटी वैतागून फडक्याची दांडी मीच बसवली आणि गोळ्या सटासट सुटायला लागल्या. पाऊस पत्र्यावर आदळत होता, बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. त्याने पहिली धड गुंडाळलेली गोळी मला भरवली. कागद जिभेवर विरघळला... आणि त्याचं बोट ओठापाशी जरा जास्तच रेंगाळलं. तेवढ्यापुरती मी रागावले नाही.

त्याच्याच काठावरच्या आठव्या मावशींच्या नारळगोळ्यांच्या कारखान्यात यंत्र लागलं आणि अख्खा बाजार बघायला लोटला. कुणीतरी विचारलं, कुणाचं हो हे? मावशी कढई ढवळता ढवळता म्हणाल्या, तिसऱ्याचं. थुआन तिथेच उभा होता. खळी दाखवत. तोंडातून ब्र नाही काढला त्याने. संध्याकाळपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना ते 'तिसऱ्याचं यंत्र' झालं, आणि आमच्याकडे यंत्राला एकदा हाक चिकटली की जन्मभर सुटत नाही.

"बोलला का नाहीस?" मी त्याला कारखान्यातच गाठलं.

"लोकांना एक हाक पुरते गं." तो स्क्रू पुसत होता, वर बघत नव्हता. "आणि तसंही... लग्न झालं की नवऱ्याच्या क्रमानं तू तिसरी वहिनीच होणार ना? मग तिसऱ्याचं म्हणजे तुझंही झालंच की."

किती दिवस मी त्या शब्दाची वाट बघत होते. आणि या शहाण्याने तो कसा द्यावा? यंत्राबरोबर फुकट मिळणाऱ्या पान्यासारखा. माझ्या कानशिलांत वाफ भरली.

"म्हणजे यंत्रावर माझं नाव नाही, आणि तुझ्याशी लग्न केलं की माझ्यावरही माझं नाव नाही? वा रे वा."

सगळ्यांदेखत मी रूळ सोडवले, फडक्याची दांडी काढली, स्कूटरला बांधली. उरलेलं तुझं, त्याला म्हटलं, लाव काय नाव लावायचं ते. फेरीबोटीत मी रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

मावशींचं काम ठप्प झालं. त्यांनी दोघांनाही निरोपावर निरोप धाडले. मी हलले नाही. परत कुणाबरोबर मिळून काही करायचं नाही, असं ठरवून मी रूळ घरामागच्या पडवीत टाकून दिले.

आणि एका सकाळी आमच्या घाटावर होडीतून ती रिकामी चौकट उतरली. मागून मावशी, त्यांच्या मागून थुआन. बर्फवाल्याने ओळखून हाक घातली, "ए तिसऱ्या!" थुआनने मान वळवली नाही. बर्फवाला परत ओरडला. हा तसाच, बहिऱ्यासारखा.

"अरे, तुला हाक मारतोय तो," मावशी म्हणाल्या.

"तिसरा पलीकडच्या काठाला राहिला," तो मोठ्याने म्हणाला, घाटावरच्या बायकांना ऐकू जाईल असं. "मी इथं सातवीच्या हाताखाली काम करायला आलोय. यंत्र दोघांचं आहे. पण एकच हाक हवी असेल, तर सातवीचं म्हणा. तिचं फडकं नसतं, तर माझं पातं अजून चिकटून बसलं असतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मग तुला काय म्हणायचं आता? सातवे दाजी?" मावशींनी विचारलं.

घाट खदखदून हसला. आमच्याकडे बायकोच्या क्रमाने ओळखला जाणारा पुरुष म्हणजे घरजावई, गावभर टिंगल. थुआनचे कान लाल झाले होते. पण तो जागचा हलला नाही.

"ते तिनं ठरवायचं," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून.

राग गेला नव्हता. अजिबात नाही. मी पडवीतून रूळ आणले, पाना त्याच्या हातात कोंबला.

"चौकट सरळ धर. आणि वंगण परत गळतंय. माझ्या अंगणात एक थेंब जरी सांडला ना..."

"नाही सांडणार."

मी वाकून पहिला रूळ बसवायला घेतला. "मावशी," मागे न बघता म्हटलं, "दाजीच म्हणा त्याला."

पाना थुआनच्या पायावर पडला.