वरची एक मूठ

त्याची नि माझी पहिली भेट वजनकाट्यावर झाली, आणि मी चक्क नापास झाले!

वलवणच्या आम्ही नऊजणींनी घरचा इंद्रायणी तांदूळ पहिल्यांदाच मोबाइलवरून विकायला काढला होता. तीस पार्सलं तयार. ती आज गेली नाहीत, तर सगळ्या ऑर्डरी रद्द… आणि तांदूळ पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात, तो म्हणेल त्या भावाला.

कुरिअरचा नेहमीचा माणूस आजारी, म्हणून तळेगावकडचा संदेश नावाचा पोरगा आला. सावळा, उंच. हसेल तर शपथ!

"माधवी तुम्हीच ना? पाच किलो लिहिलंय, भरतंय सव्वापाच. वजन जुळलं नाही तर मशीन पार्सल घेत नाही."

"असं कसं? म्या सवता मोजलंय!"

दुसरं पार्सल, तिसरं… सगळीच जड. मी मुक्तामावशीकडे पाहिलं.

"वर एक मूठ घातली," ती पदर सावरत म्हणाली. "निस्तं मापून द्यायचं व्हय? बरं दिसतं का?"

"म्या पन घातली," सविता पुटपुटली.

"म्या पन…"

जी आली तिनं मूठ घातली होती! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हा आता निघून जाणार…

त्यानं घड्याळ पाहिलं. "गाडी पाचला सुटते. दीड तास आहे." आणि बाह्या सरसावून त्यानं खाली मांडीच घातली. "कात्री द्या."

तो पिशव्या उघडायचा, मी तांदूळ काढायची, बाया मोजायच्या. नव्या तांदळाचा वास घरभर सुटला. त्याच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती… मी बघतच राहिले.

"चिकटपट्टी धरा."

"धरलीय की!"

"ते माझं बोट आहे."

बाया खिदळल्या. मेला, तोही हसला… आणि मी गेलेच कामातून.

सव्वापाचला त्याचा फोन आला. "तीसही गाडीत चढली."

मुक्तामावशी मटकन खाली बसली, हात जोडले. मी फोन कानाला लावून अंगणात पळाले.

"लय उपकार झाले," मी म्हटलं. "उद्या… तुमीच येनार?"

"नाही. तुमचा नेहमीचा माणूस बरा झालाय."

"बरं झालं," मी म्हटलं. अजिबात बरं वाटलं नव्हतं.

"पण…" तो अडखळला, "मी साहेबांकडून वलवणची फेरी मागून घेतलीय. सोमवारपासून मीच येणार."

"आमच्या पार्सलांसाठी?"

"पार्सलं कोणीही नेईल. मी तुमच्यासाठी येतोय, माधवी."

मी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग सुटलंच तोंडातून, "सोमवार लय लांब हाय हो. उद्याच या!"