कच्चा टाका

दार लोटून घ्या आधी. हं. आता पावणेअकरा वाजलेत. ज्याला अंधारात एकट्यानं जिना उतरायचाय त्यानं आत्ताच उठावं, नंतर सोबतीला मी यायचो नाही. ही गोष्ट मला ज्यानं सांगितली तो आपल्या कोपऱ्यावरचा शिंपी. मास्तर. कपडे कधी मिळतील एवढं सोडलं, तर तो माणूस कधी खोटं बोलत नाही.

मास्तरचे शाळेपासूनचे दोन दोस्त. एक दवाखान्यातला कंपाउंडर, दुसरा बसचा ड्रायव्हर. ड्रायव्हर बुटका, गोलमटोल आणि दिवसभर खिदळणारा. सगळे त्याला ठेंगूच म्हणायचे. लहानपणी नदीत बुडता बुडता ठेंगूनंच मास्तरला केसांना धरून बाहेर ओढलं होतं, हे मास्तर कधी विसरला नाही. ठेंगूचा लग्नातला सदरा त्यानं शिवला आणि त्यानंतरचा प्रत्येक सदराही. बाही एकवीस इंच. वही उघडायचीही गरज पडत नसे.

दहा वर्षं नुसतं 'जाऊ, जाऊ' चाललं होतं. अखेर गेल्या नोव्हेंबरात तिघंही परदेशातलं एक मोठं शहर बघायला निघाले. चार रात्रींचा बेत. विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, पण ठेंगूची बॅग काही आली नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि ह्याच्या अंगावर एकुलता एक सदरा.

भाड्यानं घेतलेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. अरुंद जिना, दोन खोल्या, कपाटाच्या दाराला उभा आरसा. कपाटात एकच वस्तू लटकत होती. राखाडी लोकरीचा एक कोट.

मास्तरनं तो उलटासुलटा करून पाहिला. कापड खानदानी. पण गळ्याला, काठाला, बाह्यांना पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका. म्हणजे ट्रायलपुरता जोडलेला, पक्की शिलाई राहिलेली. बाही चोवीस. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरलेला. दोऱ्याच्या टोकाची गाठ मात्र साधीच. मास्तर स्वतः तीन वेढ्यांची गाठ मारायचा, वडिलांनी शिकवलेली. ती दुसऱ्या कुणाला जमत नसे, ह्याचा त्याला भारी तोरा.

"उंच माणूस असणार," मास्तर म्हणाला. "ट्रायलला आलाच नाही वाटतं."

"दुसऱ्याची वस्तू आहे. राहू दे की," कंपाउंडर म्हणाला.

"आणि हा थंडीनं आडवा झाला, तर वहिनींना तोंड तू दाखवणार?"

मास्तरनं कोट ठेंगूच्या अंगावर चढवला. हाताची बोटं बाह्यांत गडप झाली. तिघंही पोट धरधरून हसले. मग मास्तर दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला जे ऐकवतो, तेच बोलला. "कोट मापाचा नसला तर घाबरू नका. माणूस मापाचा करून देऊ!" त्यानं बाह्या आत दुमडल्या आणि टाचण्या लावून टाकल्या.

पहिला दिवस मजेत गेला. तिघं मनोऱ्यावर चढले, पुलावर फोटो काढले, संग्रहालयातल्या रखवालदाराला ठेंगूनं नुसत्या खाणाखुणांनी हसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर टाचण्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या. बाह्या उलगडलेल्या आणि बरोबर मनगटाच्या हाडाशी आलेल्या.

"रात्रीत शिवलास की काय, मास्तर?" कंपाउंडर म्हणाला. "सुट्टीत तरी सुई सोड की."

मास्तर हसला. त्यानं सुईला हातही लावला नव्हता. त्याच्या डाव्या तर्जनीवर मात्र दोन ताजे टोचे होते.

त्या दिवशी ठेंगू हसला नाही. बोटीच्या कठड्याशी गप्प उभा राहिला, डावा खांदा जरा पाडून. कंपाउंडरनं मास्तरला शेजारी उभं करून दोघांचा फोटो काढला. एरवी मास्तरच्या खांद्याशी येणारं ठेंगूचं डोकं फोटोत कानाशी आलं होतं. टाचा उंचावल्या असतील, मास्तरनं स्वतःची समजूत घातली. पण जिवाला घोर लागला तो लागलाच.

"बरं वाटत नाही का रे? काढ बघू तो कोट."

"कशाला? चांगला बसत चाललाय," ठेंगू म्हणाला.

तिसरी रात्र. महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारची. मास्तरला जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कंपाउंडर पलीकडच्या खोलीत घोरत होता.

शेजारचा पलंग रिकामा.

आरशासमोर ठेंगू उभा होता. अंगात कोट. हनुवटी वर. हात अंगापासून थोडे लांब... माप द्यायला उभं राहतात तसे.

मग तो वळला. हळूहळू. स्वतःहून नाही. खांद्याला धरून कुणीतरी वळवावं तसा.

"ठेंगू..."

"किती वेळ रे, मास्तर? हलू नको म्हणालास, म्हणून उभा आहे."

"मी... कधी म्हणालो?"

ठेंगू त्याच्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या खांद्यामागे बघत होता.

"आत्ता," तो म्हणाला.

खांद्यामागे कुणी नव्हतं.

मास्तरनं झडप घातली. कोट ओरबाडून काढला. दिवा लावला. खिशातली टेप काढून बाहीला लावली. पुन्हा मोजली.

एकवीस. चोवीसची बाही ठेंगूच्या मापाची झाली होती.

सकाळी ठेंगूला काही आठवेना. कोट कपाटात टांगून, एक दिवस आधीच तिघं परत फिरले.

तीन आठवड्यांनी वहिनी ठेंगूला घेऊन दुकानात आल्या. "भावजी, ह्यांचे सगळे सदरे आखूड झालेत. बॅग मिळाली, पण त्यातलाही एक होत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे हसत नाहीत हो आता. तुमच्या भरवशावर पाठवलं होतं मी."

मास्तरनं माप घेतलं. बाही चोवीस. डावा खांदा बोटभर खाली. त्याला रडू आलं, पण वहिनींसमोर गिळलं. गळ्याचं माप घ्यायला त्यानं ठेंगूच्या मानेवरचे केस वर केले...

केसांखाली, कातडीत, बारीक पांढरा टाका. सरळ रेषेत खाली, कॉलरच्या आत गेलेला.

मास्तरनं कात्री उचलली. ठेंगू अजिबात हलला नाही. टाका कापला तर ठेंगू मोकळा होईल, की जेवढा ठेंगू उरलाय तोही सुटून जाईल? मास्तरला ठरवता येईना. कात्री त्यानं खाली ठेवली.

मग दोऱ्याचं टोक नीट पाहिलं. टोकाला गाठ होती. तीन वेढ्यांची.