खणातलं सोनं

"मॅडम, प्लेट मेली!"

वैदेहीची हाक ऐकून तिच्या गाईड इंदिराबाई हातातला चहा तसाच टाकून धावल्या. दसऱ्याचा दुसरा दिवस. बारामतीच्या त्या कॉलेजात अजून सुट्टीचा आळस होता, पण दुपारी पुण्याहून परीक्षक यायचे होते. त्यांच्यापुढं प्लेटनं चुंबकपणा दाखवला नाही, तर पोरीची पीएचडी बुडणार आणि वर खोटारडी म्हणून शिक्का बसणार.

काम तसं सरळ. नखाएवढ्या प्लेटवर रेणूंचा निळाशार थर. खाली सोनं असलं की रेणू दहा दिशांना तोंडं करून बसतात. कोबाल्ट असला की त्याच्या मागोमाग सगळे एका दिशेला वळतात. वैदेहीनं कोबाल्ट घेतला होता आणि प्लेट आपल्या खणात ठेवली होती. आणि आज यंत्रावरची रेघ साफ आडवी!

"थर खराब झाला वाटतं," इंदिराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग दार लावून त्यांनी सुईनं प्लेटचा कोपरा खरवडला. खाली पिवळं! कोबाल्ट नव्हे, सोनं.

काल प्रयोगशाळेत यंत्रांच्या पूजेला येऊन गेलेले तिघंच. त्यांनी एकेकाला आत बोलावलं. प्रश्न एकच.

"वैदेहीच्या खणात सोनं निघालंय. कुणाचं?"

लोणी भापकर गावचा शिपाई गेणबा हसला. "माजंच की बाई! समद्यांच्या खणात आपट्याची दोन-दोन पानं ठिवलीत. तुमच्याबी. बघितली न्हाय व्हय?"

वैदेहीची मैत्रीण स्वरूपा म्हणाली, "मी दिलेलं तर तिनं पर्समध्ये टाकलं. खणातलं गेणबातात्यांचं असेल."

शेवटी केयूर. इंदिराबाईंचा सख्खा भाचा. बहीण गेल्यावर वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनीच वाढवलेला. चार वर्षं तोही इथंच सोन्यावर तोच थर चढवत होता आणि हाती भोपळा आला होता.

"मी नाही बदलली!" तो उसळला. "माझ्या सोन्याच्या सगळ्या प्लेटा कपाटात आहेत!"

इंदिराबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बदलली, असं कोण म्हणालं? बाहेर सगळे थर खराब झाला म्हणताहेत. आज सोनं म्हटलं की माणसाला आपट्याचं पान आठवतं. तुझ्या मनात पाप, म्हणून तुला प्लेट आठवली. अरे, थर कितीही बिघडू दे, खालच्या कोबाल्टचा स्वतःचा चुंबकपणा कुठं जाईल? तोही नव्हता, तेव्हाच मला कळलं, धातूच बदललाय. उघड कपाट."

वैदेहीनं त्याच्या प्लेटा एकेक करून यंत्रात घातल्या. चौथीला रेघ सपकन वर चढली.

"काल मला सोनं देताना सोन्यासारखी राहा म्हणालास रे," वैदेही म्हणाली. तिनं ती चौथी प्लेट काढून घेतली.

"तिचं फसलं असतं, तर पुढं तेच काम मी माझं म्हणून दाखवणार होतो," केयूर पुटपुटला. मग त्यानं इंदिराबाईंचा हात धरला. "मावशी, मी तुझा ना गं?"

"म्हणून तर तुला शेवटी बोलावलं." त्यांनी हात सोडवून घेतला. "आधीच्या दोघांतलं कुणीतरी अडकावं, म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. तो बिचारा गेणबा चोर निघाला असता, तरी मला बरं वाटलं असतं. इतकं खाली आणलंस मला."