दोन फायली, चार हात

सभागृह रिकामं असेल म्हणून मी सकाळी लवकर गेले, तर एक उंच तरुण स्टुलावर चढून आमच्या झेंड्याची काठी मोजत होता.

"अहो, तो आमचा झेंडा आहे!"

तो दचकला. स्टूल डगमगलं आणि मी धावत जाऊन ते धरलं.

"माहीत आहे," तो वरूनच म्हणाला. "आमच्यापेक्षा बोटभर जरी उंच निघाला ना, तरी माझी काही धडगत नाही. पण तुमच्या हातात काय आहे?"

मी हात पाठीमागे नेला... माझ्या हातातही मोजपट्टीच होती!

दोन शेजारी देशांमधला तो करार होता. युद्धात बंद पडलेला सीमेवरचा रस्ता मालाच्या ट्रकांसाठी पुन्हा खुला व्हायचा होता. मी आमच्या राजशिष्टाचार विभागात, तो त्यांच्या. सह्यांच्या वेळी आपापल्या मंत्र्यांच्या पाठीमागे उभं राहायचं, पान उघडून द्यायचं आणि पहिली सही झाली की खुर्च्यांमागे फायलींची अदलाबदल करायची, एवढंच आमचं काम. पण सगळ्या जगासमोर करायचं, म्हणून रोज सराव.

"उजव्या हातानं द्यायची, डाव्यानं घ्यायची," मी बजावायची. "पुन्हा चुकलात!"

"तुम्ही अशा बघता... मग कुठला डावा आणि कुठला उजवा!"

त्याची आजी आमच्या बाजूची, त्यामुळे आमची भाषा तो घरीच शिकलेला. सरावानंतर आम्ही खिडकीपाशी चहा घ्यायचो. बाहेर भुरभुर पाऊस असायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. आणि एक दिवस कप खाली ठेवून त्यानं सरळ विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

माझा जीव सुपाएवढा झाला, आणि लगेच बाबा आठवले. युद्धात बाबांचा एक पाय त्याच रस्त्यावर गेला होता. पलीकडच्यांचा विषय निघाला की ते चिडत नसत, नुसते गप्प होत. ते गप्प होणंच मला सहन व्हायचं नाही.

"बाबा नको म्हणाले, तर मी येणार नाही," मी म्हणाले. "त्यांना दुखवून मला सुख लागणार नाही रे."

"माझा काका त्याच रस्त्यावर गेला," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडेही सगळे असेच गप्प होतात... पण तू विचार तर खरं. सह्या झाल्या की संध्याकाळी आम्ही परत निघणार."

रोज ठरवायची, आणि रोज बाबांसमोर भलतंच काहीतरी बोलून उठायची.

सह्यांचा दिवस उजाडला. सभागृहात कॅमेरेच कॅमेरे. पहिली सही झाली. मी फाइल पुढे केली, त्यानं त्याची. आणि सोडलीच नाही.

"विचारलंस?" त्याचे ओठ जेमतेम हलले.

मी किंचित मान हलवली... नाही. त्याचा चेहरा उतरला. मग माझ्याही हातून फाइल सुटेना. दोन फायली, चार हात, आणि दोन्ही मंत्री पेन उघडून ताटकळत बसलेले! कुणीतरी मोठ्यानं खाकरलं, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

दुपारीच घरी आले. बाबा टीव्हीसमोर होते.

"झाला म्हणायचा करार."

"हो."

"फाइल द्यायला एवढा वेळ लागतो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाबा, त्यानं मला मागणी घातलीय. मलाही तो आवडतो, खूप आवडतो. पण तुमच्या मनाविरुद्ध—"

बाबा गप्प झाले. नेहमीसारखेच. संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"त्यांच्यातली माणसं मी पळताना बघितलीत," ते म्हणाले. "पडलेली बघितलीत. समोर बसून बोलताना एकही नाही बघितलं. बोलव त्याला."

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"काय म्हणाले?"

मला हुंदका आवरेना. बाबांनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि दुसऱ्या हातानं कुबडी ओढली.

"घर सापडेल ना रे तुला?" ते म्हणाले. "नाहीतर असं कर, मीच कोपऱ्यावर येऊन थांबतो."