शेवटचं अक्षर मालकाचं

"सरक बाजूला! शेवटचं अक्षर मालकाचं!" बाबांनी हात पुढे केला आणि ताईने रंग फवारायचा एअरब्रश त्यांच्या थरथरत्या बोटांत ठेवला...

शेडमध्ये त्यांच्या धंद्याची नवी व्हॅन उभी होती. तिच्या पत्र्यावर व्हिनाइलची सोनेरी अक्षरं चिकटवलेली: वर बाबांचं नाव आणि खाली, 'आणि चिरंजीव'! भांडून घर सोडून गेलेला धाकटा भाऊ इतक्या वर्षांनी आज परत येणार होता, म्हणून बाबांनी हौसेने ते शब्द घालायला सांगितले होते. आणि सांगितले कुणाला? बाबांचे डोळे नि हात अधू झाल्यावर, चालून आलेली स्थळं परतवून जिने गाड्यांवर पाट्या रंगवायचा सारा धंदा अंगावर घेतला, त्या लेकीलाच! त्या पाटीत आपण कुठे आहोत, हे तिने विचारलं नाही. सकाळपासून मान मोडून ती अक्षरांच्या कडेला तांबूस सावली फवारत होती, इतकी तलम, की सपाट अक्षर पत्र्यातून वर उचलून आल्यासारखं दिसावं.

आता 'व' तेवढा उरला होता. बाबांनी एअरब्रश नको तितका जवळ नेला, रंग एका जागी साचला आणि त्याचा ओघळ सोन्यावरून खाली उतरला.

"कसं झालंय?"

"तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, बाबा."

खोटं कुठे होतं त्यात! बाबा खुशीत चहाला आत गेले आणि ताईने थिनरचा बोळा उचलला. दर पाटीचं शेवटचं अक्षर बाबांचं, आणि हे तिचं नेहमीचंच होतं. बाबांची पाठ वळली की त्यांचं ओलं अक्षर पुसायचं आणि गुपचूप नव्याने रंगवायचं. मग गिऱ्हाईक वाहवा करायचं, बाबांची छाती फुगायची... त्यांच्या म्हातारपणाचा तेवढा एक आनंद तिने जिवापाड जपला होता.

"ताई! बाबांचं अक्षर पुसतेस?"

दारात धाकटा उभा होता. बॅगसुद्धा त्याने अजून खाली ठेवली नव्हती.

"हळू बोल रे... ऐकतील!"

पण बाबांनी ऐकलं होतं. लेकाचा आवाज ओळखून ते लगबगीने बाहेर आले होते, आणि तिथेच खिळले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ताईने बोळा पाठीमागे लपवला.

"तो दूधवाल्याचा टेम्पो... ती शाळेची बस... त्यातलं एकसुद्धा अक्षर माझं नाही?"

"बाबा, मला क्षमा करा हो! तुमचं मन मोडवेना..." आणि इतक्या वर्षांचा बांध फुटून ती ओक्साबोक्शी रडू लागली.

बाबांनी चाचपडत एअरब्रश शोधला आणि तिच्या हातात दिला. "मालकीण तूच होतीस गं. आंधळा मी... डोळे जायच्या कितीतरी आधीपासून!" त्यांनी व्हॅनकडे बोट केलं. "पूस तो 'व'. शेवटचं अक्षर मालकाचं."

तिने बोळा अक्षरापर्यंत नेला. बाबांच्या माघारी सराईतपणे चालणारा तो हात त्यांच्या देखत मात्र जागचा हलेना!

"नाही पुसवत, बाबा!"

बाबांनी तिला पोटाशी धरलं. धाकट्याला जवळ ओढलं. त्या रडारडीत ओघळ तसाच वाळून गेला.

त्याच वर्षी थंडी सरायच्या आत बाबा गेले.

नंतर एके दिवशी धाकटा पत्रा तापवून चिकटवलेली अक्षरं सोडवायची गन घेऊन व्हॅनपाशी आला. "ताई, हे 'आणि चिरंजीव' उचकटून काढतो. तुझं नाव घालू. माझा कसला हक्क त्यावर?"

ताईने त्याचा हात धरला. बाबा गेल्यापासून ती रस्त्यात दिसेल त्या गाडीपाशी थबकत होती, पाटीचं शेवटचं अक्षर निरखत होती. सगळीकडे सावली कशी सुबक, नितळ... सगळीकडे तिचाच हात! शेवटच्या वर्षांतलं बाबांचं एकेक अक्षर तिने मायेपोटी स्वतःच पुसून टाकलं होतं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तो ओघळ तेवढाच बाबांचा उरलाय."

तिने ओल्या फडक्याने साऱ्या पाटीवरची धूळ पुसली. 'व'पाशी येताच फडकं खाली ठेवलं आणि त्यावर नुसती हलकेच फुंकर घातली.