मोरीभोवतीचं काळं कडं

"माझ्या दादाने बाबांना विष दिलंय," ती दारातूनच म्हणाली. "पोलीस चौकशी करतायत. मला पुरावा हवाय."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर आता खासगी तपास करत. शेजारी बसलेल्या त्यांच्या वकील मित्राची बशी हवेतच राहिली.

तिचे वडील वैद्य. पुढे तिचं औषधांचं दुकान, मागच्या खोलीत वडिलांची औषधं बनायची. आज सकाळी चहा पिऊन वडील दहा मिनिटांत कोसळले. ओठ बधिर, नाडी सैरभैर. डॉक्टर म्हणाले, बचनाग.

"म्हणजे?" वकिलांनी विचारलं.

"एक मूळ. कच्चं जीव घेतं, शुद्ध केलेलं औषध होतं," मास्तर म्हणाले. "चहा कुणी केला?"

"मी. माझा बिनदुधाचा, बाबांचा दुधाचा. दादाने कपात काहीतरी टाकलं. बाबा पहिल्याच घोटाला म्हणाले, 'आलं फार झालं गं, जीभ चुरचुरतेय.' मी आलं घातलंच नव्हतं!"

तिघं दुकानात पोहोचले तेव्हा दादा डोकं धरून बसला होता.

"काल बाबांशी भांडलात?" मास्तरांनी विचारलं.

"हो. म्हटलं, मागची खोली बंद करा, वय झालं. आज समजूत काढायला आलो. चहा संपल्यावर खोकल्याची एक गोळी दिली. त्याच पाकिटातली मीही खाल्ली." त्याने बहिणीकडे पाहिलं. "अगं, मी त्यांना मारीन? मी?"

तिने तोंड फिरवलं.

मागच्या खोलीत कंपाउंडर होते. तीस वर्षं इथलेच. खोलीत एकच शेगडी, वर घासलेलं पातेलं. ताटात धुतलेली मुळं वाळत होती.

"मुळं मोजलीत?"

"पोलिसांसमोर. एकही कमी नाही. कच्चा बचनाग कुलपात, किल्ली वैद्यबुवांच्या कमरेला."

"शुद्ध कसा करता?"

"पुरचुंडीत बांधून तीन तास दुधात शिजवायचा. मग मुळं धुवायची. दुधात कोळशाची पूड टाकून ते मोरीत ओतायचं. बुवांचा नियमच आहे."

"आज ओतलंत?"

"मुळं काढली आणि ताईंनी गर्दी म्हणून काउंटरवर बोलावलं. परत आलो तर पातेलं घासलेलं. वाटलं, बुवांनीच उरकलं. एरवी चहासुद्धा मीच करतो हो."

मास्तरांनी मोरीभोवतीच्या काळ्या कड्यावरून बोट फिरवलं. कोरडं. बोटाला काहीच लागलं नाही.

"दूध किती येतं?"

"दोन पिशव्या. एक औषधाला, एक चहाला."

मास्तरांनी फ्रिज उघडला. आत एक पिशवी होती, न कापलेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"वर्गात सांगतो तसं सावकाश सांगतो," ते म्हणाले. "जीभ पहिल्याच घोटाला चुरचुरली. दादाची गोळी नंतरची, म्हणून ती निर्दोष. विष चहातच होतं."

"म्हणजे कपात टाकलं!" वकील म्हणाले.

"काय टाकणार, वकीलसाहेब? कच्चा बचनाग कुलपात, ही मुळं पूर्ण. पण मूळ शुद्ध होतं, तेव्हा त्यातलं विष जातं कुठे?"

वकिलांनी पातेल्याकडे पाहिलं. "दुधात..."

"म्हणूनच कोळशाची पूड. दूध काळं दिसलं की कुणी चुकून पीत नाही. आज मोरीच्या कड्याला ताजी पूड नाही, म्हणजे ते ओतलंच गेलं नाही. चहाची पिशवी न कापलेली, तरी वैद्यबुवांचा चहा दुधाचा. मुली, दूध कुठून घेतलंस?"

तिने शेगडीकडे पाहिलं.

"शेगडीवर... तापलेलं होतं. घट्ट, कपभरच उरलेलं. वाटलं, कंपाउंडरकाकांनी चहासाठीच ठेवलंय." ती भिंतीला टेकली. "मी पातेलं घासलं. मीच. बाबा म्हणायचे, मागे ये, बघून तरी ठेव. मी म्हणायचे, माझ्याकडे फार्मसीची पदवी आहे."

कंपाउंडरांनी पातेलं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवलं. मग दादा पुढे झाला आणि त्याने तिला सावरलं. ती त्याच्याकडे बघू शकेना.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स होती. दादाने आवाज मोठा केला.

"शुद्धीवर आलेत. धोका टळला. पण एकच विचारतायत, मला काही कळत नाही. 'ते दूध ओतलं का? कुणी प्यायलं नाही ना?'"

दादाने फोन बहिणीपुढे धरला.

"सांगा त्यांना, ओतलं," ती म्हणाली. "त्यांच्याच कपात. मी."