मांदेलीला घाबरवताना

कासा नाक्यावरून डहाणूला निघालेल्या जीपमध्ये जिजाला पुढची जागा मिळाली, हे नशीब तिचं की ड्रायव्हर उमेशचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. ती बसली, ओढणी सावरली आणि समोर पाहते तो काय — काचेखालच्या फळीवर, देवाच्या फोटोला टेकून, एक पिवळसर पिल्लू ढाराढूर झोपलं होतं.

"माझी मांदेली," ड्रायव्हर कौतुकानं म्हणाला. "त्या मासळीसारखीच पिवळी, म्हणून हे नाव. गवत कापताना सापडली. दोन दिवस वाट बघितली, आय काय आली नाय तिची. मग मीच घेतली. हात लावा, काय नाय करत."

जिजानं हात लावला नाही. कानांच्या टोकांवरचे काळे केस, पायांवरचे पुसट पट्टे, आखूड शेपटी — तिनं सगळं नीट पाहून घेतलं. डहाणूजवळच्या प्राण्यांच्या केंद्रात जखमी आणि पोरकी जनावरं सांभाळणं हे तिचं रोजचंच काम होतं.

"हे साधं मांजर नाही, रानमांजर आहे," ती म्हणाली. "केंद्रावर द्यावं लागेल. आजच."

"आज? मागं गाडीभर माणसं बसलीत, मॅडम."

"त्यांना सोडा, मग केंद्रावर चला. तोवर मी उतरत नाही. आणि मॅडम नका म्हणू. मी जिजा, तलासरीकडच्या पाड्यावरची."

मागून वरोरची रखमी, सुकी मासळी विकून परतणारी, ठसक्यात बोलली, "दे रे बाबा तिला. नाय तर ही पोरगी तुझ्या जीपमध्येच संसार थाटेल."

सगळी जीप हसली. डहाणूला माणसं उतरली आणि उमेशनं जीप केंद्राकडे वळवली.

मांदेली तब्येतीनं ठणठणीत निघाली. दुखणं निराळंच होतं — तिला माणसं आवडायची. जीपमधल्या प्रत्येकानं तिला बोंबील भरवला होता, मांडीवर घेतलं होतं. उमेशचा आवाज आला की ती जाळीवर उड्या मारायची. केंद्राच्या डॉक्टर पुष्पाताईंनी स्पष्टच सांगितलं, "होळीपर्यंत हिला माणसाची भीती बसली तर रान. नाही तर जन्मभर पिंजरा."

जिजा पाड्यावरच वाढलेली. माणसाला न भिणारं रानमांजर सोडलं, तर ते पहिल्याच घराच्या कोंबड्यांपाशी जाईल आणि काठी खाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं ठरवलं, मांदेली रानातच जाईल. दुसऱ्या दिवशी ती कासा नाक्यावर उमेशसमोर उभी राहिली.

"रोज केंद्रावर यायचं, डबा बडवायचा आणि तिच्या अंगावर ओरडायचं."

"कुणी, मी?"

"तिचा सगळ्यात जास्त विश्वास तुझ्यावर आहे. तूच नकोसा झालास, की सगळी माणसं नकोशी होतील."

उमेशचा चेहरा उतरला. "मी दिवसभर लोकांना 'या, बसा' बोलणारा माणूस. मला 'चल, नीघ' जमेल?"

"जमवावं लागेल."

"आणि नाय जमलं तर?"

"तर रोज तुझ्या जीपमध्ये पुढं बसून ऐकवत राहीन."

"मग तर मुद्दाम नाय जमवणार," तो म्हणाला. हसू लपवायला जिजाला उगाच रस्त्याकडे बघावं लागलं.

पहिल्या दिवशी त्यानं डबा असा वाजवला, की भजनाला बसलाय वाटावं. मांदेली धावत आली आणि जाळीतून त्याचं बोट चाटू लागली.

"हात मागं घे," गोणपाटाच्या आडून जिजा हळूच म्हणाली. ती स्वतः मांदेलीला कधीच दिसायची नाही. खाणंसुद्धा आडूनच सरकवायची. उमेशनं हात मागं घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. जिजाला फार वाईट वाटलं, पण ती बधली नाही.

"उद्या परत ये," ती म्हणाली.

तो आला. रोज येत राहिला. पिंजऱ्यापाशी गप्पांना बंदी, त्यामुळे सगळं बोलणं नंतर, चिकूच्या झाडाखाली, चहाबरोबर व्हायचं.

"आज आवाज बरा लागला तुझा."

"घरी आरशासमोर सराव केला. आय विचारते, कुणावर एवढा चिडलास... काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर ती तुझ्या घरी येईल."

जिजानं कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता, तरी ती पीत राहिली.

मग एके दिवशी त्याला पाहताच मांदेलीनं कान पाडले, फिस्कारली आणि गवतात दडून बसली. उमेश चिकूखाली येऊन बसला.

"जमलं की तुला," जिजा म्हणाली.

"हो... पण आपलं माणूस तोंड फिरवतं ना, तेव्हा लागतं गं."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. हा माणूस आपल्याला आवडतो, अगदी मनापासून आवडतो, हे तिनं त्या क्षणी स्वतःशी कबूल केलं. पण आधी मांदेली.

होळी झाली आणि तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरात, वनरक्षकांसमोर पिंजऱ्याचं दार उघडलं. मोहाची फुलं गळत होती. मांदेली बाहेर आली, थबकली आणि तिनं मागं वळून पाहिलं. उमेशच्या मागं त्याची जीप उभी होती... तिचं पहिलं घर. मांदेली जीपच्या दिशेनं चालू लागली.

"ओरड," जिजा कुजबुजली.

उमेशनं डबा उचलला, तोंड उघडलं. "नीघ... नाय बोलवत गं. आज नाय."

"मग दुसरं काहीही ओरड. पण आत्ता, आणि जोरात."

मांदेली आणखी जवळ आली. एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार, म्हणून जिजाचा जीव टांगणीला लागला. उमेशनं डोळे घट्ट मिटले आणि डबा दणादण बडवत, बेंबीच्या देठापासून ओरडला, "जिजा, मला तू आवडतेस! मला तुझ्याशी लगीन करायचंय!"

मांदेली ताडकन उडाली आणि करवंदीच्या जाळीत घुसली. पलीकडच्या उतारावर गवत हललं, आणखी वर हललं, मग स्थिर झालं. ती परतली नाही. वनरक्षक आपापल्या टोप्या सारख्या करू लागले.

उमेश डोळे उघडायला तयार नव्हता.

"गेली?"

"गेली."

"आणि तू?"

"मी इथंच आहे," जिजा म्हणाली. तिनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला. "रविवारी आमच्या घरी ये. पण माझ्या आयसमोर एवढ्या मोठ्यानं नको बोलूस... तिला चांगलं ऐकू येतं."